तेच गाणं, कुंपणापलीकडून

आई, वेलिंग्टनमध्ये जॉन्सनव्हिलच्या त्याच घरात आम्ही अजून राहतो. तुझी नात आता मोठी झाली. मराठी सगळं कळतं तिला, पण उत्तर इंग्रजीतच येतं. आज शाळेतून आणताना गाडीत रेडिओवर ते गाणं लागलं. तिने आवाज वाढवला, "आय लव्ह धिस वन!" म्हणाली आणि गुणगुणायला लागली. तिला कसं आठवणार, तेव्हा ती तुझ्या कडेवर असायची. मी मात्र घरी येऊन चहासुद्धा न करता हे लिहायला बसले. इतकी वर्षं तुला सांगायचं राहून गेलेलं एक आहे.

तू आलीस त्या उन्हाळ्यात ते गाणं सगळीकडे वाजत होतं. कोपऱ्यावरच्या दुकानात, सुपरमार्केटमध्ये, माझ्या गाडीत. कुणा लॅटिन गायकाचं प्रेमगीत, त्याने ते इंग्रजीतही काढलं होतं आणि स्पॅनिशमध्येही. मी वैतागून स्टेशन बदलायला गेले तर तू माझा हात धरलास. "राहू दे गं. बोलावतोय तो कुणाला तरी." मी हसले, म्हटलं, "आई, तुला एक शब्द तरी कळतोय का?" तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "शब्द तुला कळतात ना? मग सांग, ती येणार आहे का?" मी स्टेशन तसंच राहू दिलं. कोल्हापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तू आयुष्यभर ऑपरेटर होतीस. ट्रंक कॉलच्या खरखरीतून नुसत्या आवाजावरून तुला कळायचं की पलीकडे जन्माची बातमी आहे की मरणाची. घरीसुद्धा चपात्या लाटताना, मागे वळून न बघता, तू म्हणायचीस, "ऐकतेय मी, बोल." मला वाटायचं तुझं लक्ष नाही. पण तू एकही शब्द सोडत नसायचीस.

मी ऑफिसला गेले की दिवसभर तू, बाळ आणि हा वेड्यासारखा वाहणारा वेलिंग्टनचा वारा. तुला इथे आणून मी तुझे हाल तर करत नाही ना, असं ट्रेनमध्ये रोज मनात यायचं. विचारायची हिंमत झाली नाही. मग एकदा घरी आले तर तू उजळलेल्या चेहऱ्याने म्हणालीस, "अगं, पलीकडच्या बाईंकडेही तेच गाणं आहे! पण त्यांचं वेगळं आहे." पलीकडच्या बाई चिलीहून तरुणपणी आलेल्या, नवरा गेलेला, एकट्याच. दुपारी भांडी घासताना त्या स्पॅनिश गाणं लावायच्या आणि ते कुंपणावरून आपल्या स्वयंपाकघरात यायचं. "इंग्रजीत तो तिला बोलावतो," तू म्हणालीस, "आणि या भाषेत ती गेलेली आहे. हा दुसऱ्या कुणाला तरी तिच्याबद्दल सांगतोय." मी स्पॅनिश शब्द इंटरनेटवर शोधले. खरंच, इंग्रजी गाण्यात सगळीकडे 'तू' होतं आणि स्पॅनिशमध्ये सगळीकडे 'ती'. मी वळून बघितलं. तू शांतपणे बाळाला वरणभात भरवत होतीस.

त्यानंतर रोज दुपारी तुम्ही दोघी कुंपणाशी उभ्या. तू मराठीत, त्या स्पॅनिशमध्ये. त्यांनी भाजलेल्या करंज्या दिल्या, तू मोडून बघितलीस आणि किंचाळलीस, "अगं बाई, आत खिमा!" पुढच्या वेळी त्यांनी चीज घातलं. तू तिळाचे लाडू दिलेस. मी विचारलं, "बोलता काय गं तुम्ही?" तू म्हणालीस, "बोलतो कुठे? ऐकतो." गाण्याचं दुसरं कडवं आलं की तू खाली सूर धरायचीस, शब्दांविना, आणि त्या आत जाऊन गाणं बारीक करायच्या, तुझं ऐकू यावं म्हणून.

मग ऑगस्टमध्ये तू गेलीस. दुपारी बाळाला निजवलंस, शेजारी आडवी झालीस, आणि उठलीच नाहीस. बाई अंत्यसंस्काराला आल्या, माझा चेहरा दोन्ही हातांत धरून रडल्या. पुढे काही आठवड्यांनी मी घरून काम करत होते. भर दुपार, स्वच्छ ऊन, आणि चक्क वारा पडलेला. पलीकडे ते गाणं लागलं. खिडकीतून बघते तर बाई कुंपणाशी उभ्या आहेत, आपल्या बाजूला तोंड करून. काहीतरी बोलतात. थांबतात. समोरच्याचं बोलणं संपायला लागतो तेवढाच वेळ थांबतात. मान हलवतात, हसतात, परत बोलतात. आपल्या बाजूला कुणी नव्हतं. दुसरं कडवं आलं आणि त्यांनी आत जाऊन गाणं बारीक केलं. बाळ माझ्या मांडीवर होतं. ते कुंपणाकडे बघत एकदम गप्प झालं, कान देऊन, तू फोनवर असलीस की बसायचं तसं.

नंतर बाईंना विस्मृतीचा आजार जडला आणि मुलाने त्यांना रेस्ट होममध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात ठेवलं. मी भेटायला गेले. तिथली केअरगिव्हर दारातच माओरी पद्धतीने "किया ओरा" म्हणाली आणि हळूच सांगितलं, "इंग्रजी पार गेलंय त्यांचं, डिअर. आता फक्त स्पॅनिश." बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही. मी हात हातात घेतला. थोड्या वेळाने, आपलं म्हणणं यांना कळणार नाही हे पक्कं माहीत असल्यामुळेच असेल, माझ्या तोंडून मराठीत निघून गेलं, "आईला इथे करमलं का हो?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे अगदी स्वच्छ. आणि स्पष्ट मराठीत, तुझ्या त्या एक्स्चेंजच्या ठेक्यात म्हणाल्या, "ऐकतेय ती. बोल."

केअरगिव्हर हसून म्हणाली, "सी? ऑल स्पॅनिश." मी मान हलवली. घरी येईपर्यंत मनाशी घोकत होते की कुंपणाशी तुझं रोज ऐकून त्या हे शिकल्या असतील. पण आई, तू 'ऐकतेय मी' म्हणायचीस. त्या 'ती' म्हणाल्या. तो एक शब्द त्यांना कुणी बदलून दिला? त्याच वर्षी हिवाळ्यात बाई गेल्या. पलीकडे आता एक तरुण जोडपं राहतं, त्यांनी कुंपण पाडून झाडं लावली आहेत. दुपारी तिकडून काही ऐकू येत नाही.

म्हणून आज विचारते. करमलं का गं तुला इथे? की माझ्यासाठी राहिलीस?

हे कुठे पाठवायचं नाही, टाकायला पेटी नाही. एकच कबूल करते. लिहिताना प्रत्येक वाक्य मी मोठ्याने म्हणत होते आणि म्हटल्यावर जरा थांबत होते. मघाशी तुझी नात दारात येऊन उभी राहिली. "मम, हू आर यू टॉकिंग टू?" मी म्हटलं, "कुणाशी नाही गं." ती गेली. मी तिच्याशी खोटं बोलले.