येतो म्हणू नये

१० नोव्हेंबर
आयसीयूतून आज बरे होत आलेल्यांच्या वॉर्डात आलो. खाट सात, खिडकीजवळ. माथेरानचा डोंगर दिसतो. न्यूमोनिया ओसरला, ऑक्सिजन ९६. सलाईन मिनिटाला बावीस थेंब पडत होतं, कागदावर वीस. पंपाच्या जळालेल्या मोटारी तारेचे वेढे मोजून भरायला मी कुणाच्या हाताखाली न बसता शिकलो. मोजल्याशिवाय माझा विश्वास नाही. सिस्टरनी नळीवरची चाकी फिरवली. शेजारच्या खाटेवर कडावचे बुधाजी, भातशेतीवाले, बोलके. तीन दिवसांत घरी, असं डॉक्टर म्हणाले.

१३ नोव्हेंबर
सुटलो. निघताना रीतीप्रमाणे सगळ्यांना 'येतो' म्हणालो. वॉर्डातल्या जनामावशी हातातलं फडकं टाकून धावल्या. हितून येतो म्हनू नये, मुकाट निघायचं, म्हणाल्या. मी त्यांना समजावलं की 'जातो' म्हणणं अशुभ, 'येतो' म्हणणं हे वळण. बुधाजी हसले. म्हणाले, मीबी असाच शाना होतो.

१३ नोव्हेंबर, संध्याकाळ
पुन्हा खाट सात. रिक्षा फाटकाबाहेर पडली आणि दम कोंडला. ऑक्सिजन ८४. योगायोग.

१७ नोव्हेंबर
आज तोंड मिटून निघालो. दारात बायको, अनसूया, मागे वळली आणि माझ्या वतीनं म्हणाली, येतो हं आम्ही. वळणाची बाई. फाटकापासून पन्नास पावलांवर मी खाली बसलो. एक्कावन्नावं पडलं नाही.

१९ नोव्हेंबर
बुधाजींचा कागद वाचला. भरतीची तारीख जून २०१९, इतकी वर्षं याच खाटेवर. डॉक्टरांना दाखवला. म्हणाले, बरे होताहेत की. बुधाजी म्हणाले, दिलेला 'येतो' आता मुकाट्यानं फिटत नाय. त्याला दुसराच शब्द लागतो.

२० नोव्हेंबर
सकाळी बुधाजी उठून बसले, सगळ्यांना ऐकू जाईल असं 'जातो' म्हणाले. नाश्त्याच्या वेळी खाट रिकामी, चादर बदललेली. जनामावशींना विचारलं, कुठे? म्हणाल्या, गेले. घरी, की — ? गेले म्हंजी गेले, बाबा.

२१ नोव्हेंबर
बुधाजींच्या खाटेवर, सहावर, नवा माणूस. उद्या सुटणार. त्याला बजावलं. मलाच वळण शिकवू लागला.

२२ नोव्हेंबर
तो परत आलाय.

२३ नोव्हेंबर
डिस्चार्जचा कागद उशाशी. अनसूया पिशवी घेऊन दारात. गप्प राहा म्हटलं तर रडते — मग काय म्हणायचं, विचारते —
बुधाजींचा शब्द ओठावर आणला की दम — मास्क चढवला. ८१.
लिहून चालेल का. अक्षर माझं सुवाच्य आहे.
घरी, की —
जा—