दहा हप्त्यांच्या घराची व्यवस्था

मी, द्वारका मोतीराम झोटे, वय तेवीस, मुलींच्या शाळेत शिक्षिका, राहणार मोताळा, जिल्हा बुलढाणा, मध्यप्रांत व वऱ्हाड, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहिते की, सोमवारी खामगावास माझ्या पोटाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, भय नाही. मला आहे, म्हणून हे मृत्युपत्र.

कलम १. बाजारगल्लीतील माझे दोन खोल्यांचे घर आई मंजुळाबाई हिला, तिच्यामागे भाऊ कडूबा यास द्यावे. घर पतपेढीकडे गहाण आहे. कर्ज तीनशे, व्याज दरसाल शेकडा नऊ. दहा वर्षे, दरसाल सेहेचाळीस रुपये बारा आणे. हप्ता थकला तर लिलाव होईल व आई रस्त्यावर येईल.

कडूबाने तुळईवर दर हप्त्याचे एक अशी चुन्याची दहा बोटे ओढली होती. गेल्या आठवड्यात पाचवे पुसले आणि पेढीचे कारकून रंगराव आले तेव्हा म्हणाला, "समोरची खोली फिटली. तुमी मागच्या खोलीत बसा."

रंगराव म्हणाले, "अजून एकशे ब्याऐंशी बाकी आहेत."

"दोनशे चौतीस भरले, अन एवढे बाकी? लुटता का बे? सहावा देतच नाही!"

रंगरावांची मी येथे लेखी क्षमा मागते. हिशेब खरा आहे. हप्ता दरवर्षी सारखाच, पण त्यातून आधी व्याज वळते होते, उरेल तेवढेच मुद्दल फिटते. पहिल्या हप्त्यात सत्तावीस रुपये व्याजाचेच होते. दहाव्यात चारही नसतील. आईला लगेच कळले. "म्हंजे पहिले व्याज जेवते, मंग आपन."

कलम २. माझी शिल्लक एकशे चाळीस रुपये माझ्या पश्चात पेढीत मुद्दलापोटी भरावी.

हे कलम रद्द. लिहिताना ध्यानात आले की व्याज माझ्या मरणासाठी थांबणार नाही. आज सकाळीच रक्कम भरली, पावती सोबत. आता पाच हप्त्यांऐवजी पुढील साली एकच, तोही थोडा कमी.

कलम ३. काळी छत्री मुख्याध्यापिका सत्यभामाबाई यांना. ती मुळात त्यांचीच. त्या माझ्याकडे विसरल्या होत्या, मी तीन वर्षे बोलले नाही.

कलम ४. तो शेवटचा हप्ता कडूबाने भरावा. त्याला वाचून दाखवले. तो म्हणाला,

"अन तू वाचली तं खाशीन काय? सारंच भरून आली."

"तुझ्याकडे जेवीन."

"भरतो म्या. पन पावती तू सोताच्या हातानं घेजो."

ही अट लिहून देणे माझ्या अधिकारात नाही. प्रयत्न करीन.

सही: द्वारका मोतीराम झोटे

आमच्यासमक्ष सही केली, साक्षीदार:
१. सत्यभामाबाई देशपांडे, मुख्याध्यापिका
२. रंगराव सोळंके, कारकून

मोताळा, शनिवार, ता. ३ जुलै १९३७