आरशासारखी फरशी

३ तारीख, सोमवार

आले एकदाची नव्या घरात. पाच वर्षांतलं हे चौथं घर. ताईचं म्हणणं, तुझ्या नाकावरचा राग कुठल्याच शेजाऱ्यांना परवडत नाही. असेल. पण इथे माझ्यासारखीलाही नावं ठेवायला जागा सापडेना. तळमजला, दोन खोल्या, मोठी खिडकी. खिडकीखाली माझं शिलाई मशीन माप घेऊन बेतल्यासारखं बसलं. आणि फरशी तर काळीभोर, गुळगुळीत. वाकून पाहिलं की चेहरा दिसतो. इमारतीत चपला चालत नाहीत. फाटकाशी कप्पे आहेत, तिथे काढायच्या आणि आत सगळ्यांनी अनवाणी. सकाळी नऊला घंटा होते आणि प्रत्येक घर आपापली फरशी पुसायला घेतं. पुसायचं पाणी किल्लीवाले काका कॅनमधून आणून देतात. सगळ्या घरांच्या जादा किल्ल्या त्यांच्या कमरेला असतात, म्हणून हे नाव. वीस वर्षांत या इमारतीत कुणी मुंगी पाहिली नाही, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. जिन्यात, बोळात भिंतींना कमरेइतक्या उंचीवर लाकडी कठडे बसवलेत. म्हाताऱ्यांची किती ही काळजी, असं वाटून मला उगाच भरून आलं.

हा सगळा खटाटोप बटणसाठी. बटण म्हणजे ताईला लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेली लेक. नऊ महिन्यांची आहे, आणि नाक शर्टाच्या बटणाएवढं. वीस तारखेला ताई परत कामावर रुजू होणार आणि ही बाई दिवसभर माझ्याकडे. नुकती रांगायला लागलीय. थप थप करत चार हात पुढे जाते, थांबते आणि मूठ तोंडात घालते. तिला अशीच जमीन हवी.

माझा बोका हवालदार. त्याने दोन्ही खोल्यांची गस्त घातली, चारही पंजे चाटले आणि कपाटावर जाऊन झोपला.

५ तारीख, बुधवार

काका माझ्यावर खूश आहेत, कारण मी सकाळ-संध्याकाळ दोनदा पुसते. वीसला बटण येणार हे ऐकून तर आणखीच. पाण्याला जास्त पिकलेल्या फळासारखा गोडसर वास आहे. हवालदारची गादीही त्यातच धुतली. समोरच्या काकू कठड्याला धरून सावकाश आल्या आणि ओळख करून गेल्या. बोका दिसल्यावर त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, आमच्याकडेही एक होती, पण इथे मांजरं टिकत नाहीत. का, ते विचारेपर्यंत उठल्यासुद्धा. उठायला त्यांना दोन्ही हातांचा आधार लागला. वय विचारलं, तर पंचेचाळीस.

८ तारीख, शनिवार

हवालदार कपाटावर उडी मारताना पडला. मी हसले. तो उठेना, तेव्हा हसू जागच्या जागी थांबलं. मागचे दोन्ही पाय ताठ, बोटं फाकलेली, मांडीतले स्नायू कातडीखाली उडत होते. हात लावला तर ओरडला. असा आवाज त्याने कधी काढला नव्हता. पेटका ओसरला आणि कमरेखालचं सगळं अंग ओल्या कापडासारखं लोळायला लागलं. पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत तो माझ्याकडेच आला.

टोपलीत घालून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावले. त्यांनी पंजे चाचपले. गरम आहेत, म्हणजे रक्त पोचतंय, म्हणाल्या. मग काय खातो, काय चाटतो, घरात कसली औषधं मारता, असं खोदून खोदून विचारायला लागल्या. मी तडकले. माझ्याइतकं स्वच्छ घर दाखवा म्हटलं. त्यांनी वाद घातला नाही. बोक्याला आंघोळ घातली, इंजेक्शनं दिली आणि ठेवून घेतलं.

११ तारीख, मंगळवार

हवालदार चारही पायांवर उभा. वर मला बोचकारलं, म्हणजे बरा आहे. दुपारी घरी आणला. आजारी जीव येणार म्हणून काकांनी त्यांच्या किल्लीने दार उघडून माझी फरशी लख्ख पुसून ठेवली होती. किती चांगली माणसं.

१२ तारीख, बुधवार

पुन्हा पडला. तेच पेटके, तीच लोळण. परत डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी एवढंच विचारलं की तुमच्या जमिनीवर काय आहे. कॅन घेऊन या म्हणाल्या.

१३ तारीख, गुरुवार

कॅनवर चिठ्ठीच नाही. काकांना विचारलं तर त्यांनी कौतुकाने कोठार दाखवलं. शेतात कीड मारायची भुकटी, पोत्यांवर कवटीचं चित्र. ती भुकटी हे लोक चकाकीच्या तेलात कालवतात आणि पाण्यात ओततात. एका पुसण्यात चमकही येते आणि मुंगीही जाते. कृती इमारतीच्या अध्यक्षांची. काका सांगत होते आणि त्यांचा चेहरा अभिमानाने फुलला होता.

पोत्यावरचा कागद नेला, तो डॉक्टरीणबाईंनी वाचला. मांजर पंजे चाटतं म्हणून आधी पडलं, म्हणाल्या. मग माझ्या पायांकडे पाहून विचारलं, तुम्हाला काही होतं का? दोन दिवस मशीनचं पायडल पायाखालून निसटतंय. मी समजत होते दमले असेन. हवालदार इथेच राहू दे, त्या म्हणाल्या, आणि तुम्ही आजच्या आज ते घर सोडा.

सोडणारच आहे. पण आधी त्या अध्यक्षाला धरणार. तळपायाची आग मस्तकात गेलीय.

१४ तारीख, शुक्रवार

अध्यक्षांनी बसूनच स्वागत केलं. खुर्चीला दोन काठ्या टेकवलेल्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, वीस वर्षांत कुणी मेलेलं नाही. पाय थोडे जड होतात, पण सवय होते. त्यासाठीच तर कठडे बसवलेत.

म्हणजे माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे. कठडे म्हाताऱ्यांसाठी नाहीत. या इमारतीत म्हातारं कुणी नाहीच. चालता न येणं चालतं यांना, मुंगी चालत नाही. चोर तो चोर, वर शिरजोर. मी इतकी ओरडले की घसा बसला. ते शांतपणे म्हणाले, १९ ला सभा आहे, तिथे बोला.

बोलणार. यांना असं सोडून गेले तर पुढच्या भाडेकरूचं काय?

आरोग्य खात्यात तक्रार दिली. पुढच्या आठवड्यात माणूस पाठवू म्हणाले. ताईला फोन केला. ती म्हणाली, पंधरा दिवस झाले नाहीत तोवर भांडण? मागच्या घरात नळाला विषारी चव होती, त्याच्या आधी जिना खचत होता. नोकरी वीसलाच आहे, बटणला दुसरं कुणी नाही. आणि फोन ठेवला. तिचंही काय चुकलं? नळाचं मीच म्हणाले होते, आणि नळ ठीक होता.

१७ तारीख, सोमवार

पुसणं बंद केलंय. घरात बूट घालून वावरते. काकांनी ते उचलून कप्प्यात नेऊन ठेवले. परत आणले, परत नेले. डाव्या पोटरीत सकाळपासून तीन पेटके. शिवण वाकडी जातेय. सभेचं भाषण पाठ करतेय. दोन दिवसांचा प्रश्न आहे.

१९ तारीख, बुधवार

सभा झाली. उभी राहिले, अध्यक्षांकडे बोट रोखलं आणि डावा पाय गेला. चार-पाच हात पुढे आले. किती सराईत हात. काकूंनी माझा हात नेऊन कठड्यावर ठेवला. सगळे हसले, मनापासून. अध्यक्ष म्हणाले, पंधरवड्यातच रुळल्या.

रडले नाही. यांच्यासमोर रडणार नाही.

ताई फोनवर म्हणाली, उद्या नऊला बटणला घेऊन येते, काय ते डोळ्यांनी बघते. मी आठलाच फाटकाबाहेर जाऊन उभी राहणार. तिला आत पाऊल टाकू देणार नाही. तिथूनच निघू.

२० तारीख, गुरुवार

पाय नाहीत. म्हणजे दिसतात, पण माझे वाटत नाहीत. पेटका आला तेव्हा कळलं, हवालदार तसा का ओरडला.

खाटेवरून पडले. फोन मशीनवर. वही-पेन्सिल तेवढी हाताला लागली —

हाका मारल्या. जीभ जड. नुसती घरघर.

काका किल्लीने आत आले. वाटलं, सुटले. मला उचलून भिंतीशी बसवलं, लेकीसारखं. फोनकडे खूण केली. नंतर, म्हणाले, आधी पाहुणी येतेय ना. आणि पुसायला लागले. दोन्ही खोल्या. मग दार ओढून बोळसुद्धा. गुणगुणत —

मी तेराला निघाले असते तर. सहा दिवस भांडत बसले. सहा —

घंटा. नऊ.

फाटकाशी ताईचा आवाज. चपला काढतेय. काकू बटणला मागतायत, ठेवा हो खाली, म्हणतायत, आरसा आहे आमची जमीन —

टाळ्या. ये ये ये.

थप थप. ओल्या फरशीवर. माझ्याच दाराकडे —

ओरडता येत नाही म्हणून लिहितेय. पान दाराखालून सरकवते. ताई, तिला उचल. आधी उचल, मग मला हव्या तेवढ्या शिव्या दे. या वेळी मी खरं बोलतेय. हात धू तिचे, साबणाने, कोपरापर्यंत —

दार लांब आहे. कोपरांवर ओढत —

बोटं वळतायत

थप थप थांबलं.

ती थांबते ती फक्त मूठ तों