महिनाभराचं ताट

सिस्टर, मी गव्हाणी झाडते आहे आणि तुम्ही तांबडीच्या कासेवर कोमट पाणी मारता आहात. बाहेर नीट उजाडलेलं नाही, द्राक्षबागांवर धुकं आहे, आणि आपण दोघी बोलत नाही. तुमच्या मठाचा नियमच होता तो. रात्रीच्या प्रार्थनेपासून सकाळची मोठी घंटा होईपर्यंत कुणी शब्द काढायचा नाही, आणि धारा नेमक्या त्या मौनातच काढायच्या. मला सुरुवातीला फार जड गेलं. आमच्याकडे गाईशी बोलल्याशिवाय कुणी धारेला बसत नाही. तिला बाय म्हणायचं, माय म्हणायचं, वेळेला शिवीही द्यायची. तुम्ही बादलीच्या काठावर बोटाने टकटक करायचात आणि तांबडी आपणहून पाय सरकवून उभी राहायची. शेण भरून झालं, मुरघासाचा चारा टाकून झाला, दूध गाळून कॅन भरले, की घंटा व्हायची आणि तुमचं तोंड उघडायचं. "आज गाय रागावला." "रागावली," मी म्हणायचे. "हां. दूध पण कमी दिला." केरळातून येऊन तुम्ही दिंडोरीच्या बाजूला अर्धं आयुष्य काढलंत, पण तुमच्या मराठीत गाय कधी बाई झाली नाही.

मराठी वाचता तुम्हाला येत नव्हतं आणि मला तर काहीच वाचता येत नव्हतं. मुलगी पहिलीला गेली तेव्हा तिच्या पुस्तकातून मी अक्षरं ओळखायला लागले आणि पेंडीच्या पोत्यांवर ती शोधायला लागले. घंटेआधी एखादा शब्द लागला तर मी तुमच्याकडे बघून नुसतं बोट ठेवायचे. घंटा झाली की मोठ्याने वाचायचे, "उत्तम पशुखाद्य", आणि तुम्ही हातातलं टाकून टाळ्या वाजवायचात. आता मी पुस्तकं वाचते. हे लिहितेही मीच, कुणाला सांगून लिहून घेतलेलं नाही.

तुमच्याकडे कामाला लागले तेव्हा नवरा जाऊन वर्ष झालं होतं. मुलीचे वडील म्हणते, नाव अजून घेत नाही. ते दुधाच्या टेम्पोवर कॅन चढवायला जायचे. त्या सकाळी मी ताट वाढलं होतं, बाजरीची भाकरी आणि शेपूची भाजी. पाण्याचा तांब्या मी नेहमी उलट्या बाजूला ठेवायचे, कारण ते डावखुरे. सासूने लहानपणी उलथण्याचे चटके दिले तरी घरात घास डाव्याच हाताने जायचा. ते बसणार तोच बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. "ठेव झाकून, येऊन जेवतो," म्हणाले. टेम्पो घाटात दरीत कोसळला. दहाव्याला गोदावरीवर पिंडाला कावळा शिवला नाही. दिराने मुलीला शिकवण्याचा शब्द दिला, सासूने आपल्या परीने काही कबूल केलं, कावळे समोरच्या पत्र्यावर बसून बघत राहिले. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. त्यांचं काय राहिलं होतं, ते आम्हाला कुणालाच कळलं नाही. हे तुम्हाला मी एकदा सांगितलं होतं. तुम्ही माझ्या सदऱ्याची उसवलेली बाही हातात घेऊन बघत राहिलात. सदरा त्यांचाच होता. शेतातल्या बाया घालतात तसा मी साडीवरून घालायचे.

मग तुम्हाला ताप आला आणि आठवड्यात तुम्ही गेलात. गोठ्याच्या मागे, लिंबाच्या झाडांपलीकडे तुम्हाला पुरलं. दुसऱ्या दिवशी मदरने मला बोलावलं. म्हणाल्या, आमच्यात सिस्टर गेली की महिनाभर तिचं ताट तिच्या जागेवर वाढतात, समोर क्रूस ठेवतात, आणि सगळ्यांचं जेवण झालं की ते ताट बाहेरच्या एखाद्या गरजू माणसाला जेवायला देतात. हे ताट तू जेव. मी मान हलवली, कारण मदरला नाही कसं म्हणायचं ते मला माहीत नव्हतं. घरी सांगितलं तर सासू चुलीपुढून उठली. "मेलेल्या माणसाचं ताट? आपल्यात कावळ्याला ठेवत्यात, त्यांच्यात तुला व्हय? तू काय कावळी हायेस?" "तसं नाही आत्याबाई." "मग कसं? कुनाची वासना कुनाच्या पोटात जाईल, लय वंगाळ असतंय ते. आपला कावळा तर शिवलाबी नाय, अन् ही चालली दुसऱ्याचं शिवायला." रात्री मात्र तिनेच माझ्या पदराला मीठमोहरी बांधून दिली आणि जा म्हणाली, रोजगार बुडवू नको.

बाहेरच्यांनी आत जेवायचं नसतं, म्हणून ताट स्वयंपाकघराच्या पायरीवर मिळायचं. सगळ्या सिस्टर जेवेपर्यंत ते तुमच्या रिकाम्या खुर्चीसमोर असायचं, मग निवलेलं माझ्याकडे यायचं. पहिल्या दिवशी मी नुसती बघत बसले. स्वयंपाकाच्या सिस्टर दारात उभ्या होत्या, त्या जाड्या, हसऱ्या. "जेव गं. भूत नाही त्यात. मीठसुद्धा नाही." खरंच नव्हतं, तुमचं पथ्याचं जेवण होतं. भात, अळणी वरण, भोपळा आणि मठात भाजलेल्या पावाची जाड चकती. मी जेवले. तुमच्या चवीचं जेवण घशाखाली उतरताना मला कसंसंच झालं, जणू कुणाच्या तरी अंथरुणात निजले आहे.

इकडे तांबडीने पान्हा चोरला. कासेत दूध दिसायचं, सडात यायचं नाही. तिचं वासरू जन्मतःच गेलेलं, त्यामुळे ते पाजून पान्हवण्याचीही सोय नव्हती. मी बादलीवर टकटक केली तर ती माझ्याकडे वळून बघायची आणि पुन्हा दाराकडे. डॉक्टर म्हणाला पान्ह्याचं इंजेक्शन मारू. मदर म्हणाल्या नको, आमच्या सिस्टरने गोठ्यात ती सुई कधी येऊ दिली नाही, पण असं किती दिवस चालणार. महिना होईपर्यंत बघू, नाहीतर व्यापाऱ्याला निरोप देऊ. व्यापारी गाय कुठे नेतो ते गोठ्यात सगळ्यांना माहीत असतं. मला तुमच्यामागे एवढंच राखायचं होतं, आणि मला ते जमत नव्हतं.

त्या दिवसांत एक गोष्ट रोज व्हायची. मी सकाळी एकटी झाडत असायचे. मौन पाळायला आता कुणी सांगत नव्हतं, तरी माझं तोंड उघडत नव्हतं. अचानक दारापाशी बांधलेली गाय रवंथ थांबवून मान वळवायची. मग तिच्या शेजारची. मग तिसरी. ओळीने एकेक मान वळत यायची, दावणीवरून कुणीतरी सावकाश चालत येत असावं तशी, आणि शेवटी तांबडी मान उचलून आपल्या समोरच्या रिकाम्या जागेत बघायची. कान पुढे, नाकपुड्या हलत असलेल्या. मी खराटा धरून भिंतीला टेकून उभी. थोड्या वेळाने ती उसासा टाकून मान खाली घालायची आणि सगळ्या पुन्हा रवंथ करायला लागायच्या. मला तुमची भीती वाटायला नको होती सिस्टर, पण वाटायची. सासूला मी हे सांगितलं नाही.

महिना संपत आला होता. एका संध्याकाळी मी तांबडीला धुवायला वाकले आणि तिने माझ्या सदऱ्याच्या खिशात तोंड घातलं. तसं तिने कधी केलं नव्हतं. मी तिला ढकलून खिशात हात घातला, तर आत पावाची कडा. दुपारच्या चकतीची, नीट तोडलेली. मी ती तोडल्याचं मला आठवत नव्हतं. खिशात ठेवल्याचंही आठवत नव्हतं. तांबडीने माझ्या हातातून ती खाल्ली, माझं मनगट चाटलं, आणि मी बादलीवर टकटक करायच्या आधीच तिच्या सडांतून दूध ठिबकायला लागलं. मी खाली बसले आणि धार काढली. बादली भरत आली तेव्हा मला कळलं की मी रडते आहे.

दुसऱ्या दिवशी पायरीवर जेवताना मी हाताकडे लक्ष ठेवून होते. तरी स्वयंपाकाच्या सिस्टरच म्हणाल्या, "अगं, हे तुला कुणी सांगितलं?" माझा हात खिशात होता. "काय?" "कडा तोडून खिशात टाकायचं. आमची म्हातारी इतकी वर्षं हेच करायची. ताटातलं बाहेर न्यायचं नाही असा नियम, पण जेवताना मौन, मग तिला बोलणार कोण? आम्ही सगळ्या बघायचो." तेव्हा मला उमगलं की धारेला बसण्याआधी तुम्ही हाताने खूण करून मला पेंड भिजवायला का पाठवायचात. "कुणी सांगितलं तुला?" त्यांनी परत विचारलं. "कुणी नाही," मी म्हटलं. त्या हसायच्या थांबल्या. कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून आत गेल्या. तांबडी राहिली.

आता गोठ्यात यंत्राने धारा निघतात, तांबडीच्या वंशातली एक गाय अजून दावणीला आहे, आणि मी नुसती देखरेखीला जाते. तुम्ही गेलात तेव्हा जितक्या म्हाताऱ्या होतात, त्याहून मी म्हातारी झाले. सासू गेली, मुलगी सिन्नरला सुखात आहे. खिशात कडा असते. परवा नव्या मदर, माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत, म्हणाल्या, "मावशी, तुम्ही आमच्याच. तुमचंही ताट वाढणार आम्ही महिनाभर. जेवायला कोण हवं ते सांगून ठेवा." मी म्हटलं, "तिखट खाणारी बघा कुणीतरी. आणि तिला खिशाचा सदरा द्या." त्या हसल्या. मी घरी आले आणि मला ते झाकलेलं ताट आठवलं, आणि झोप लागेना.

तुमचं ताट मी महिनाभर जेवले, त्यांचं एकदाही वाढलं नाही. लोकांना वाटेल भुताला भ्याले. तुमच्याबरोबर मी थोडीच वर्षं काम केलं, तरी तुमचं काहीतरी माझ्या हातात उतरलं. त्यांच्याबरोबर संसार केला. त्यांच्या जागेवर बसावं, त्यांचं ताट जेवावं आणि हातात काहीच उतरू नये, ह्याला मी इतकी वर्षं भ्याले. कावळ्याला तरी पत्र्यावरून उठून जाता आलं. हे तुम्हाला घंटा झाल्यावर सांगायला हवं होतं. आता हे कागद लिंबांपलीकडे तुमच्यापाशी नेऊन ठेवण्यात अर्थ नाही, गाई खातील.

काल इथवर लिहून थांबले होते. आज सकाळी गोठ्यातून आल्यावर मी शेपूची भाजी केली, बाजरीची भाकरी टाकली, त्यांचं ताट वाढलं आणि त्यांच्या जागेवर बसून सगळं जेवले. मग उठून हात धुवायला मोरीत गेले. खरकटा हात डावा होता.