कुंडलला प्यादेमात

१० जानेवारी १९७४, वाई
आजपासून ऑफिस सुटल्यावर रोज बुद्धिबळ. मासिकात वाचलं, या खेळाने एकाग्रता, संयम आणि दूरदृष्टी वाढते. पहिल्या दोन माझ्याकडे आहेतच. तिसरीही असणार, कधी तपासली नाही.

१४ जानेवारी
संक्रांत. आई म्हणाली, बत्तीस वर्सांचा घोडा झालास, आता तरी सून आण. उलट उत्तर दिलं नाही. संयम! फक्त पटावरचा उंट भिंतीवर मारला. मान तुटली. उंटाची.

२० जानेवारी
कुंडलचं स्थळ. मुलीचे वडील आप्पासाहेब बुद्धिबळाचे शौकीन! म्हणजे जमल्यातच जमा. फोटो आईजवळ आहे. प्रत्यक्षच बघीन.

२७ जानेवारी, रविवार. कुंडल
सोबतीला धनाजी. आमच्या नात्यातला, मिलिटरीतून सुट्टीवर आलाय. घोडा अडीच घरं चालतो हेसुद्धा माहीत नाही. कीव आली.

चहा होताच आप्पासाहेबांनी पट मांडला. वजिराने मात सहज होत होती. पण आमच्या देशी खेळात खरा मान प्यादेमातीला. साध्या प्याद्याने राजा कोंडायचा. म्हटलं, सासऱ्यांना करूनच दाखवू. त्यात दुपार गेली. मध्ये मुलगी पोहे घेऊन आली. मी मान वर केली नाही, नुसती डिश घेतली. एकाग्रता! आप्पासाहेब म्हणाले, काय इचारायचं आसंल तर इचारा. म्हटलं, एवढी चाल होऊ द्या. ती माणसं ताटकळू नयेत म्हणून धनाजी मायलेकींना लडाखच्या गोष्टी सांगत बसला. गुणी माणूस.

दिवेलागणीला प्यादेमात! आप्पासाहेब बराच वेळ पटाकडे बघत राहिले. भारावले असावेत. म्हणाले, लय ग्वाड खेळता, पर पोरगी बघितली का? म्हटलं, पसंत!

२८ जानेवारी
आईने विचारलं, पोरगी हाय कशी? म्हटलं, पोह्यात मीठ बेताचं होतं. आईने कपाळावर हात मारला. तिला बारकावे कळत नाहीत.

१५ फेब्रुवारी
कुंडलहून निरोप नाही. ही त्यांची चाल. आपण घाई करायची नाही. धनाजीने सुट्टी वाढवून घेतलीय. दोनदा कुंडलला जाऊन आला म्हणे. माझ्यासाठीच शब्द टाकत असणार. मित्र असावा तर असा.

३ मार्च
धनाजी पेढे घेऊन आला. म्हणाला, राग धरू नगंस गड्या, त्यांनीच इचारलं. मी हसलो. मला हे कधीच दिसलं होतं. दूरदृष्टी. सांगायचं तेवढं राहून गेलं. पेढे खाल्ले नाहीत. दात दुखत होता.

१२ मे. कुंडल
धनाजीचं लग्न. मांडवात आप्पासाहेबांनी बाजूला घेतलं. म्हणाले, जावयाला खेळातलं कायबी कळत न्हाई, तुमी येत ऱ्हावा. जरा बरं वाटलं.

मग अंतरपाट दूर झाला.

मुलगी देखणी आहे. हसली की गालाला खळी पडते. मी तिला आज पहिल्यांदा बघितलं.