विंगेतून दिलेलं वाक्य

शनि., १० जाने.
उत्सवातला प्रयोग झाला. नाटक पडलं नाही, म्हणजे माझं काम झालं. प्रॉम्प्टर होता हे कोणाला कळू नये, यातच त्याचं यश. हा नियम मंडळ फार चोख पाळतं: पत्रिकेत जनरेटरवाल्याचं नाव आहे, माझं नाही.

दुसऱ्या अंकात मिलिंद अडकला. बिल्डर विचारतो, "बोला आबा, वाडी देता की नाही?" आणि आबा, म्हणजे मिलिंद, गप्प. विंगेतून वाक्य दिलं. पुन्हा दिलं. हा मिशी चाचपतोय. शेवटी वैतागून पुटपुटलो, "उभा काय राहिलायस केळीच्या खुंटासारखा? घड तर केव्हाच उतरलाय." हे मिलिंदला. त्याने ते जसंच्या तसं बिल्डरला सुनावलं. समोर सगळे आगाशीचे वाडीवाले, केळीच्या बागांत वाढलेले. घड उतरवल्यावर मागे उरलेल्या खुंटाची किंमत लहान पोरालाही ठाऊक. मंडप कोसळायचा बाकी होता.

शिवी ज्याला घातली, टाळ्याही त्यालाच.

रवि., ११ जाने.
सकाळी बायको चहा गाळता गाळता हसायला लागली. "मिलिंदभावजी काय हजरजबाबी हो. म्हणे, केळीच्या खुंटासारखा." अर्धा चहा ओट्यावर. माझ्या बोलण्यावर ही इतकी कधी हसली होती, ते आठवून पाहिलं. सोडून दिलं.

"ते मी म्हटलं होतं."

"तुम्हाला ना, कोणाचं चांगलं झालेलं बघवत नाही."

खरं आहे. पण वाक्यही माझंच आहे. दोन्ही एकदम खरं असू शकतं, हे सकाळी सकाळी तिला कुठे समजावणार.

बुध., १४ जाने.
संक्रांत. तरी तालीम. २५ला वसईत स्पर्धा. दिग्दर्शक नाना म्हणाले, "तो खुंट कायम ठेवू. पुस्तकात घाल रे." घातला. 'आबा' लिहून पुढे माझं वाक्य, माझ्याच अक्षरात.

हे आबा, म्हणजे मिलिंद, खऱ्या आयुष्यात उमेळ्याची स्वतःची वाडी बिल्डरला देऊन एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. स्टेजवर वाडीसाठी रडतात. बायका डोळे पुसतात.

आणि आज तालमीत मिलिंद नेमका त्या खुंटाच्याच वाक्याला अडकला. मलाच द्यावं लागलं. नंतर तिळगूळ वाटत आला. "घ्या दादा. गोड नाही बोललात तरी चालेल, जरा मोठ्याने बोला." सगळे हसले. हा हशाही त्याचाच.

सोम., १९ जाने.
एक विचार. स्पर्धेत त्या जागी मी गप्प राहिलो तर? गुन्हा नाही. माणसाला खोकला येऊ शकतो. परीक्षकांसमोर आबा आणि त्यांची मिशी, दोघांनीच काय ते निभवायचं.

आरशासमोर खोकून पाहिलं. बायको आतून, "काय होतंय?" म्हटलं, काही नाही. बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागेलसं वाटतंय.

गुरु., २२ जाने.
तालमीनंतर सिसिलियाबाई थांबल्या. शाळेतून रिटायर झालेल्या, नाटकात आबांची बहीण. यांना मी विंगेतून कधी एक शब्दही दिलेला नाही. तसं म्हटलं, तर म्हणाल्या, "लागत नाही, कारण एन्ट्रीच्या आधी मी वाकून समोरच्या विंगेत बघते. स्टुलाखाली तुमच्या चपला दिसल्या की सगळं आठवतं. मागे तुम्ही आजारी होतात ना, तेव्हा बुटातला कोणीतरी बसवला होता. माझी जीभच उचलेना."

"हे कधी बोलला नाहीत."

"चपलांबद्दल काय बोलायचं दादा?"

घरी येईपर्यंत बरं वाटत होतं. मग लक्षात आलं, चपलांना बक्षीस नसतं. मिलिंदला असतं.

पण मी गप्प बसलो तर अडकणार बाईही, मिलिंदच्या त्या वाक्यावरच त्यांची एन्ट्री आहे. हे सोमवारी कसं सुचलं नाही?

रवि., २५ जाने.
रंगपटात बसून लिहितोय. पुस्तक घरी ठेवून आलो. विसरलो म्हणून सांगणार होतो. कोणी विचारलंच नाही.

मिलिंद मिशी चिकटवत, "दादा, तुम्ही आहात ना? मग मी बिनधास्त." मी स्टूल उचललं. माझं कोणतं बोलणं नाटकातलं, हे त्याला तरी कुठे कळतं.

स्टूल लावून आलो. पलीकडून सिसिलियाबाई वाकल्या, सरळ झाल्या, गळ्यातला क्रूस पदराआड घातला.

पुस्तक घरी आहे, पण नाटक पाठ आहे. खुंटासकट.

रुमाल काढायला खिशात हात घातला, तर खोकल्याच्या गोळ्यांची पट्टी. बायकोने ठेवलेली. म्हणजे तेही कारण गेलं.

दुसरी घंटा झाली. एक गोळी तोंडात टाकून स्टुलावर जाऊन बसतो.