बारा हात आतला बांध

नाही हो इंद्रसिंग मास्तर, ताप उतरलाय आणि डोकंही जागेवर आहे. साक्षीला आलात, शुद्धलेखनाच्या चुका काढायला नाही. तिसरी शिकलेली बाई लिहितेय.

मी गजराबाई, सुपडू पाटलांची बायको, राहणार कोरीट. जन्मभर नवऱ्याचं नाव घेतलं नाही. इथं घ्यावं लागतं म्हणे, घेतलं. कोणाच्या दाबानं नाही, माझ्या राजीखुशीनं लिहून ठेवते.

घर आणि म्हैस मुलगी रेवाला. म्हैस लाथ मारते. पहिली धार जावयाला काढू द्यावी.

पाटा-वरवंटा नणंद नर्मदाबाईला. दोनदा मागितला, दोनदा मी नाही म्हटलं. आता न्यावा, पण स्वतः उचलून.

तापीकाठचं शेत रेवाचं. ती सगळी दलदल होती. आजेसासऱ्यांनी चाऱ्या खणून, बांध घालून पाणी काढलं. आता सगळं सपाट दिसतं. पण रेवा, चैत्रात ऊन कललं की बघ. बुजलेल्या चारीवर हरळी हिरवी राहते, मोडलेल्या बांधावर आधी वाळते. आताच्या बांधाच्या बारा हात आत अशी एक वाळकी रेघ आहे. तिच्यापलीकडची पट्टी शेजारच्या भाईदासची बायको कौसाबाई हिला द्यावी. त्या पट्टीवरूनच तंटा झाला होता. पंचांनी रिवाजाप्रमाणे सांगितलं, डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन हद्दीवरून चाला, खोटं चालाल तर माती भोवेल. आमचे हे चालले. दीड महिन्यात तापानं गेले. गाव कुजबुजलं, खोटी शपथ बाधली. मी ओरडले, "हाई करणी कौसानी शे!" गावानं मानलं. नऊ वर्षं तिला कोणी लग्नाला बोलावत नाही, तिच्या हातचं पाणी पीत नाही.

परवा माझ्या तापात तीच मुगाचं कढण घेऊन आली. मी विचारलं, "विष घातलंस का गं?" तर म्हणते, "तुन्हासाठे इख कोन वाया घाली?"

मी प्यायले.

सही: गजराबाई
साक्षीदार: इंद्रसिंग (शाळामास्तर), भीमसिंग (पोलीस पाटील)
कोरीट, तालुका नंदुरबार, पश्चिम खानदेश
१२ एप्रिल १९३८

साक्षीदार गेले. खालचं मी मेल्यावर चावडीवर मोठ्यानं वाचावं.

पुरात बांध वाहून गेला तेव्हा हे रनाळ्याला होते. नवा बांध मी घातला, चार दिवस टोपलीनं माती वाहून, मुद्दाम बारा हात भाईदासच्या शेतात. यांना सांगितलं नाही. कौसानं कसलीही करणी केली नाही. ढेकूळ डोक्यावर घेताना यांनी मला विचारलं, "हाऊच बांध शे ना?"

मी म्हटलं, "हाऊच शे."